जोडलेल्या हातांचा अर्थ

वेळ वैशाखातील भर दुपारची, स्थळ धुळ्यातील कलेक्टर साहेबांचा बंगला, जबाबदार दोघे: साहेब आणि त्यांचे मामलेदार. आज चांभाराच्या दोऱ्याला लावलेल्या मेणाचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली. साहेब रजेवर काश्मीरला ट्राउट मासे धरण्यास निघाले होते. गळावर तित्तराची मऊ पिसे मेणाच्या दोऱ्याने बांधली की ती पाण्यात किड्यासारखी हलतात आणि मासा फसतो. तित्तराच्या शिकारीस बंदी असण्याचा मोसम होता. म्हणून कायदा पाळणाऱ्या साहेबांनी सोनगीरहून माझ्या वडिलांचे, आबांचे, पाळीव तित्तरच मागवले. पाखरू उडू नये यासाठी व्हरांड्याचे सारे पडदे खाली सोडून आवळून बांधले होते, आणि त्या उकाड्यात ते घेऊन आलेले आम्ही बापलेकही आतच अडकलो होतो. शिपायाने पहिले पीस उपटताच तित्तर ओरडले. आबांनी हात जोडले आणि अहिराणीत विनवले, "साहेब, मना लेकरूसारखं शे, नका उपटा!" साहेबांनी विचारले, "काय म्हणतो?" मामलेदार म्हणाले, "संमती देतो आहे." आबा माझ्याकडे वळले, "तू वकील शेस ना? बोल ना, भाऊ!" मी हरकत घेतली, तेव्हा मामलेदार हसले, "मालकाने हात जोडले, वकीलसाहेब. आता तुमचे काय काम?" मान उघडी पडेपर्यंत पिसे निघत राहिली. ते तित्तर पुन्हा कधी बोलले नाही. मामलेदार आज निवृत्त होऊन धुळ्यातच राहतात. हात जोडणे म्हणजे संमती, हे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिले आहे, ते त्यांनी स्वतःच्या सहीने वर्तमानपत्रात छापावे.