दगडाला लागलेला पाय

आमच्या हेरन क्रीकला अर्धं वर्ष बर्फ आकाशातून फुकट मिळतो, पण खेळायचा बर्फ ऑरेस्ट ह्लुश्कोच करायचे. रिंकच्या बंदिस्त मैदानावर पाणी सोडून गोठवायचं, खरवडून सपाट करायचं, मग पाठीवर टाकी घेऊन वर बारीक थेंब शिंपडायचे. त्या थेंबांच्या पुरळावरून कर्लिंगचा जड दगड घसरत जातो आणि पुढे दोघं झाडूने बर्फ घासत धावतात. या खेळात आमच्याकडे पंच नसतो. धावताना आपला बूट किंवा झाडू दगडाला लागला, तर आपणच हात वर करून ‘माझा लागला’ म्हणायचं. त्या दगडाचं पुढे काय करायचं, आहे तिथं राहू द्यायचा की काढायचा, ते समोरचा संघ ठरवतो. जो लपवतो त्याला पुन्हा कुणी संघात घेत नाही. ऑरेस्टनी गावातल्या दोन पिढ्यांना हे शिकवलं. माझ्या मुलीला, टेसालासुद्धा.

पूर्वी हेरन क्रीक नुसतं गाव नव्हतं, प्रांताच्या विधानसभेचा मतदारसंघ होता. रेल्वे आली, युक्रेन आणि नॉर्वेहून आलेल्यांनी इथली माळरानं नांगराखाली आणली, तेव्हा हे नाव नकाशावर आलं. पहिला आमदार लोहार होता. पुढचेही असेच साधे, पण त्यांत सरकारी पक्षाचा क्वचितच कुणी. म्हातारे अजून सांगतात, “कुणाचं सरकार येणार ते आम्हाला वासावरून कळायचं, मग आम्ही दुसऱ्याला मत द्यायचो.” मतं मोजली जायची रिंकच्या माडीवर. आमदाराचं ऑफिस बँकेच्या शेजारी होतं. रस्त्यावरचा बर्फ हटवला नाही की लोक बूट न झटकता आत शिरायचे.

मग माणसं कमी झाली. हद्दी ठरवणारा आयोग आला आणि त्यानं हेरन क्रीक पुसून कार्ल्सबी मतदारसंघात घातलं. ऑफिस गेलं. काही वर्षांनी शाळा बंद झाली, तेव्हा भांडायला आपला म्हणावा असा कुणी नव्हता. आता मुलं बसनं कार्ल्सबीला जातात. हिवाळ्यात उजाडायच्या आत बस निघते आणि बर्फ हटवणारं यंत्र तिच्यानंतर येतं. टेसा शाळेत पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी रस्त्यांची खबर देणारा रेडिओ बंद करत नाही.

बस सुरू झाली त्याच आठवड्यापासून ऑरेस्ट पहाटे रिंकचं दार उघडून हीटर लावून ठेवू लागले, बस येईपर्यंत मुलांना आत थांबता यावं म्हणून. मुलं त्यांना दीदो म्हणतात, म्हणजे आजोबा. मी कधी आभार मानले की ते दुसरीकडे बघायचे. “उगीच काहीतरी म्हणू नकोस गं,” एवढंच.

गेल्या वर्षी नवा आयोग नेमला गेला आणि सुनावणी आमच्याच रिंकच्या माडीवर ठरली. हार्डवेअरच्या दुकानातली ग्लेनिस आणि मी मतदारसंघ परत मागायला लोक जमवू लागलो. सगळ्यांत आधी ऑरेस्टनी बोलावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. आम्ही त्यांना माझ्या घरी जेवायला बोलावलं. मी पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, केल्या होत्या.

“मी नको,” ते म्हणाले.

“तुम्ही नाही तर कोण?” मी म्हटलं. “ग्लेनिस बोलली तर आयोग आणखी दोन मतदारसंघ पुसून जाईल.”

“तुझ्या पेरोगीचं पीठ दाताला चिकटलंय म्हणून गप्प आहे मी,” ग्लेनिस म्हणाली.

ऑरेस्ट हसले नाहीत. टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रिंकवर गेले. ते बर्फ खरवडत होते. यंत्र बंद करून त्यांनी वर माडीकडे बोट दाखवलं.

“मतदारसंघ गेला तेव्हाही सुनावणी इथंच होणार होती. आयोगाच्या माणसानं मला फोन केला, दिवसभर माडी द्याल का म्हणून. स्पर्धेचा आठवडा होता. माडी दिवसा रिकामीच असायची. पण वर भट्टी पेटवली की खाली माझा बर्फ मऊ पडतो. त्या आठवड्यासारखा सुरेख बर्फ मला आधी कधी जमला नव्हता. मी म्हटलं, जागा नाही, कार्ल्सबीला घ्या.”

“मग?”

“मग काय. कार्ल्सबीला इथलं कुणी गेलंच नाही. आयोगानं लिहिलं, हेरन क्रीकला काही म्हणायचं नाही. लोक अजून राजधानीला शिव्या घालतात आणि मी उभा राहून मान डोलावतो. पोरं अंधारात बसची वाट बघतात. मला दिसतं ना ते.”

मला राग आला. त्याच माणसाच्या हीटरवर माझी मुलगी रोज हात शेकत होती.

“सांगू का तिथं?” त्यांनी विचारलं.

“नका सांगू,” मी म्हणाले. “ते म्हणतील, गावालाच पडलेली नव्हती. होणारं कामही बिघडेल.”

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

सुनावणीला माडी भरली. भट्टी चांगली पेटवली होती, ती ऑरेस्टनीच. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी बर्फावर करतात तसा हात वर केला.

“माझा लागला.”

आयोगाच्या तिघांना काही कळलं नाही. गावातला प्रत्येक माणूस मात्र ताठ बसला. मग त्यांनी फोनपासून भट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

ग्लेनिस उठली.

“ऑरेस्ट, कार्ल्सबीला सुनावणी होती त्या दिवशी मी कुठं होते?”

“बर्फावर.”

“आणि माझा नवरा?”

“तोही. हरत होता.”

“कार्ल्सबीचा रस्ता चालू होता ना?”

“होता.”

“मग आम्हीही घरून निघालो नाही. दगड आहे तिथंच राहू दे.”

मागून दोघातिघांनी “राहू दे, राहू दे” म्हटलं. ऑरेस्ट मात्र खाली बसले नाहीत. “एवढ्यावर सोडू नका रे,” ते म्हणाले. कुणीतरी आपल्याशी भांडेल म्हणून ते इतकी वर्षं थांबले होते, आणि कुणी भांडायला तयार नव्हतं. शेवटी माझ्या शेजारच्या बाईनं त्यांची बाही ओढून त्यांना बसवलं. मीही तेव्हा उठायला हवं होतं, निदान ‘मीच यांना गप्प राहा म्हटलं’ एवढं सांगायला. मी बसूनच राहिले.

निकाल आला. हेरन क्रीक कार्ल्सबीतच राहिलं. ऑरेस्टच्या बोलण्यामुळे की माणसंच कमी म्हणून, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

निकालानंतरच्या सोमवारी मी टेसाला सोडायला रिंकवर गेले. हीटर लागलेला होता. मी आभार मानले नाहीत. “तुम्हाला गप्प राहायला मीच सांगितलं होतं,” म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

“सांगितलंस खरं,” ते म्हणाले. “रस्ता निसरडा आहे आज. ड्रायव्हरला हळू घे म्हटलंय.”

बस निघाली. तिचे मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघं दारातच उभे होतो. हीटरची ऊब बाहेर जात होती, पण दार लावायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.