विसावं चरित्र

चरित्र वाचून परत नेलं, की आमचे ग्रंथपाल त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन बोटं टकटक वाजवायचे आणि विचारायचे, "मेला तो. मांगं का राहलं?"

मागं काय उरलं, याचं उत्तर दिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. मी शाळामास्तर, तरी माझी त-त-प-प व्हायची. "चार किल्ले जिंकले," म्हटलं तर म्हणायचे, "ते त दुसऱ्यानं बांधले होते ना जी!"

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गोंदियाच्या बाजारात माडीवर आमचं वाचनालय. चरित्रांचं कपाट त्यांनी आपल्या मर्जीनं लावलेलं. विहिरी खोदणारे, शाळा काढणारे डोळ्यांसमोर, आणि लढाया जिंकणारे झाडून सगळे तळाच्या फळीवर. एक जाडजूड वकीलसाहेब बादशहा शोधायला खाली फतकल मारून बसायचे. त्यांना उठवायला दोघं लागत. "राजाले भेटाचं त वाकाच लागते," ग्रंथपाल म्हणायचे, चेहरा अगदी गंभीर ठेवून.

ग्रंथपाल मूळचे गोंदियाजवळच्या गोरेगावकडचे, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. गावचा तलाव त्यांच्या खापरपणजोबांनी बांधलेला. दरवर्षी धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, पहिलं पाणी सोडताना घरच्या माणसानं पाळीवर, तलावाच्या बांधावर, त्या पूर्वजाचं नाव घेऊन नारळ फोडायचा, अशी रीत. गाव त्याला नुसतं 'बुढा' म्हणे; नाव ठाऊक एकट्या यांना. "माह्या मांगं कोन घेईन?" ही त्यांची धास्ती. म्हणून त्यांनी त्याचं चरित्र एका वहीत लिहून काढलं होतं.

एका साली शाळांसाठी 'वाचावीत अशी वीस चरित्रे' ही यादी छापायचं ठरलं. निवड त्यांची, पक्की प्रत माझी. एकोणीस छापील पुस्तकं आणि विसावी ती वही.

आमचे अध्यक्ष धानगिरणीचे मालक. यादीवर नजर टाकून म्हणाले, "ये कौन है, मास्टरजी? इसका नाम किसने सुना है?" सगळे हसले. सांगायला लाज वाटते, मीही हसलो. आणि तिथंच विसावी ओळ खोडून एका बादशहाला बसवलं.

छापील यादी आली तेव्हा ग्रंथपालांनी विसाव्या आकड्यावर बोट ठेवलं. "काऊन जी, मास्तर?" एवढंच म्हणाले.

"हातानं लिहिलेली वही शाळांना कशी पाठवणार?" मी म्हटलं.

"हौ," म्हणाले आणि वही पिशवीत घातली. मला वाटलं, मिटलं. अहो, कसलं मिटतंय! त्या दिवसापासून त्यांनी पुस्तकावर बोटं वाजवली नाहीत. "ठेवा तिथं," म्हणायचे, वर न बघता.

दोन वर्षांनी ते गेले. रोवणीच्या तोंडावर मी त्यांच्या गावी वही आणायला गेलो. त्यांची पेटी उघडली तर आत उधईनं, म्हणजे वाळवीनं, केलेला वहीचा भुगा. तसाच पाळीवर गेलो. गाव जमलं होतं. एक म्हातारा नारळ घेऊन पुढं आला.

"बरं झालं आले, मास्तर. ते सांगून गेले, नाव मास्तरले मालूम हाये म्हणून. सांगा जी."

मी आठवू लागलो. यादीतली ती ओळ आठवली, शाई आठवली, माझ्या हातानं मारलेली रेघ आठवली. नाव आठवेना. खाली धानाच्या बांधीत बायका रोपांच्या जुड्या घेऊन पाण्याची वाट पाहत होत्या.

"सांगा ना जी," म्हातारा पुन्हा म्हणाला.

शेवटी त्यानं नाव न घेताच नारळ फोडला आणि पाणी सोडलं.