विहिणीचा खरा रुसवा

आमच्या घरात सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे माझं 'काई नई'. कोणी विचारलं, काय झालं, तर मी म्हणते, काई नई. साडी दुसऱ्याच कोणी उचलली, काई नई. यांनी सिनेमाला न्यायचं कबूल केलं आणि दुकानातून उशिरा आले, काई नई. यांचं बुरहानपूरच्या बुधवाऱ्यात भांड्यांचं दुकान आहे. तिथे एवढी भांडी नसतील तेवढी 'काई नई' माझ्याकडे साठलेली आहेत.

मी लाजरी आहे हे आमच्या सगळ्या लोधीपुऱ्याला माहीत. माझ्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. बायका वाट बघून बघून कंटाळल्या. शेवटी नणंदबाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "सोडा व बायांनो, पोर मरून जाईन." तेव्हापासून त्यांनी मला सोडवायचं कामच हाती घेतलं. हळदीकुंकू असो की बारसं, नाव घ्यायची पाळी माझ्यापर्यंत आली की नणंदबाई मध्ये हात घालतात, "हिले सोडा." मी सुटते. बायका हसतात. मीही हसते.

कोणाला वाटेल, मला सुटायला आवडत असेल. आधी आवडायचंच.

पण मुलाचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मनात म्हटलं, विहिणीच्या पंगतीत आपण नाव घ्यायचं. कोणाचं ऐकलेलं नाही, आपलं स्वतःचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे जुळवाजुळवीला वेळ लागला. सून नेपानगरची, तिथे कागदाचा कारखाना, म्हणून कागद आणला. कागदाला जोडी मिळेना, म्हणून तो मध्ये सरकवला. शेवटी भाजी निवडताना जमलं:

नेपानगरचा कागद कोरा, बुरहानपूरची जिलेबी गोड,
सून आणली घरात, .... रावांच्या हौसेला नाही तोड.

टिंबांच्या जागी यांचं नाव येतं. ते इथे लिहीत नाही. कागदावरसुद्धा मला लाज वाटते.

पाठ करायचं तर मोठ्याने म्हणायला हवं, आणि घरात कोणी ऐकायला नको. मग मी कुकरचा आधार घेतला. शिट्टी सुरू झाली की म्हणायचं, थांबली की गप्प. पहिल्या शिट्टीत कागद आणि जिलेबी, दुसऱ्या शिट्टीत सून आणि हे. त्या दिवसांत आमच्याकडे डाळ फार शिजली. हे एकदा म्हणालेसुद्धा, "आजकाल वरण एकदम गळून जाते." मी म्हटलं, काई नई, डाळच तशी आहे.

लग्न गावातल्याच एका गार्डनमध्ये होतं. आमच्याकडे लग्नाच्या जागेला गार्डन म्हणतात, तिथे झाड एक नसलं तरी. जेवण उभ्याचं होतं, पण नेपानगरच्या विहीणबाईंनी हौसेने एक पंगत वेगळी मांडली होती. रांगोळी, पाटाभोवती फुलं, चांदीचं ताट फक्त मला. पार्लरच्या मुलीने माझ्या डोळ्यांत मापाबाहेर काजळ घातलं होतं. मी ताठ बसले. पदर सारखा केला. घसा हळूच खाकरून ठेवला.

नावं सुरू झाली. जाऊबाईंनी घेतलं, नणंदबाईंनी घेतलं, दोन्हीकडून टाळ्या झाल्या. मग मुलीकडची एक बाई म्हणाली, "आता नवरदेवाच्या आईनं घ्यावं."

मी तोंड उघडलं. 'ने' म्हणण्यापुरतं उघडलं होतं.

आणि नणंदबाईंचा हात आला. "हिले सोडा व! हिले घाम फुटते. चला, जेवा जेवा, जिलेबी थंडी होऊन राहिली."

सगळ्या हसल्या. पंगत जेवायला लागली. माझं तोंड तसंच उघडं होतं, म्हणून मी त्यात जिलेबी घातली. मव्याची, म्हणजे खव्याची होती, गावातली सगळ्यात चांगली. मला ती गवतासारखी लागली.

हात धुऊन मी वरपक्षाच्या खोलीत गेले आणि गाद्यांच्या ढिगावर बसले. आजूबाजूला सगळ्यांच्या बॅगा. मी मनाला समजावायला लागले. मुलाचं लग्न झालं, सून चांगली, कोणाशी भांडण नाही, जेवण चांगलं. दोन ओळी राहिल्या तर राहिल्या, काय बिघडलं? काई नई. मी दहादा म्हटलं असेल. पण त्या दिवशी 'काई नई' गळ्याखाली उतरेना. डोळे आपोआप वाहायला लागले, आणि काजळही त्यांच्याबरोबर निघालं.

तेवढ्यात जाऊबाई पिशवी घ्यायला आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. दारातूनच ओरडल्या, "अवं या लवकर! नवरदेवाची माय रुसली!"

वरमाईने रुसायचं आणि मुलीकडच्यांनी तिला मनवायचं, ही आपली जुनी रीत. दोन दिवस सगळ्या माझ्या मागे होत्या, रुसा ना, एकदा तरी रुसा, मजा येईल. मी म्हणत होते, मला नाही जमत. आता जमलं म्हणून सगळ्यांना आनंद झाला. नणंदबाई तर टाळ्या वाजवत आल्या. "बाई बाई, शिकली एकदाची! अन् काय झकास रुसली पाहा, खरं पाणी काढलं डोळ्यातून!" त्यांनी दारातच फुगडीसारखी एक गिरकी घेतली.

हे आले. "काय झालं?"

"काई नई."

"मंग ठीक," म्हणाले आणि गेले. इतक्या वर्षांच्या सवयीला दुसरं काय सुचणार.

मुलगा फेट्यासकट डोकावला. "मम्मी, क्या यार, सच्ची में रो रही है का? फोटोवाला रुकला आहे." त्याला नणंदबाईंनी बाहेर काढलं, "तुझं काम नाही हे, बायकांचं आहे."

मग नेपानगरच्या विहीणबाई आल्या. हातात ताट, त्यात नारळ, साडी. मागे त्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. विहीणबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "काय चुकलं आमचं, विहीणबाई? भाजीत मीठ कमी पडलं? की पाट टोचला?" आणि ताट पुढे करताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

त्या मागे वळून बायकांना म्हणाल्या, "रुसवा मोठा आहे गं, टाइम लागेल. तुम्ही आइसक्रीम खाऊन घ्या." सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार ओढलं. दाराला कडी नव्हती. मग त्या दारालाच पाठ लावून खाली बसल्या, भरजरी शालूसकट.

"खरं सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "हा रुसवा आहे, की वाईट वाटलंय?"

"काई नई..."

"'काई नई'साठी कोणी एवढं काजळ नाही घालवत."

मला हसू आलं आणि हसता हसता आणखी रडू आलं. मी म्हटलं, "मला नाव घ्यायचं होतं."

एवढं साधं वाक्य. पण ते बाहेर आलं तेव्हा मला कळलं की मला किती हवं होतं ते. तोवर मी स्वतःलासुद्धा तितकं सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "अगं माय! पाठ केलं होतं?"

"कुकरवर."

ते त्यांना समजलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. "मग बोलावू का सगळ्यांना? आत्ता घ्या."

मी विचार केला. घेता आलं असतं. पण ते मला मनवायला दिल्यासारखं झालं असतं, नारळाबरोबर. "नको," मी म्हटलं. "आता वाईटच वाटतंय. थोडं वाटू द्या."

"वाटू द्या," त्या म्हणाल्या. "मी दार धरते."

बाहेरून नणंदबाईंचा आवाज आला, "मानली का विहीण?"

"नाही अजून!" विहीणबाई आतून ओरडल्या. "साडीचा रंग पसंत नाही म्हणतात!"

साडी सुंदर होती, मोरपंखी. मी तिच्याकडे बघत पोटभर रडले. कोणी गप्प कर म्हणेना, कोणी 'एवढ्याशासाठी?' म्हणेना. थोड्या वेळाने रडणं आपणच संपलं आणि मला भूक लागली. मी तसं सांगितलं. विहीणबाईंनी मला मांडा आणून दिला, दुधात कुस्करून. तो मात्र गोड लागला.

लग्नानंतरच्या संक्रांतीला सुनेचं पहिलं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. नेपानगरहून विहीणबाईही आल्या होत्या. नावं घेणं सुरू झालं. पाळी माझ्याकडे आली आणि नणंदबाईंचा हात सवयीने वर झाला. "हिले सो..."

"ताई, थांबा," मी म्हटलं. "मला घ्यायचंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. विहीणबाई तर वाटीतला तिळगूळ सोडून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी डोळे मिटले, सुरुवात केली, आणि आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. पुढचीही लगेच लागून झाली. माझ्या दोन्ही ओळी सवयीप्रमाणे बरोबर शिट्टीत बसल्या. शिट्टी थांबली तेव्हा माझं नाव घेऊन झालं होतं आणि एकीलाही ऐकू आलं नव्हतं.

"काय? काय म्हणाली?" बायका विचारायला लागल्या.

'काई नई' अगदी ओठावर आलं. मी ते आत ओढून घेतलं.

"वाईट वाटलं मला," मी म्हटलं. मग सुनेला म्हटलं, "बेटा, आधी गॅस बंद कर."

ती धावत गेली. घर शांत झालं आणि मी पुन्हा म्हटलं, कागदापासून. शिट्टीशिवाय मध्ये थोडी अडखळले, पण हौसेपर्यंत पोचले आणि यांचं नाव सगळ्यांसमोर, मोठ्याने घेतलं. ओसरीत हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली झालं.

नणंदबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतकं चांगलं येते तुले? मंग लग्नात कावून नाही घेतलं?"

"घेणार होते, ताई. तुम्ही सोडवलंत."

त्यांचा हात अजून अर्धवट वरच होता. तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला. "मंग रुसायचं ना माझ्यावर!"

"रुसले होते ना," मी म्हटलं. "तुम्ही दारात गिरकी घेत होतात."