उलट्या चपलांचा आकडा

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात मी मानधनावर शिकवायला लागलो, तेव्हा सहावीत एकोणीस मुलं होती आणि शाळेचा एकुलता एक संगणक कुलपात होता. बीडच्या कॉलेजात द्विमान पद्धती, म्हणजे बायनरी, फळ्यावर आली तेव्हा सर म्हणाले होते, "हे तर सगळ्यांना येतंच," आणि त्यांनी ते पुसून टाकलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला कुठून येणार? तेव्हाच ठरवलं, आपल्या हाताखालच्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

संगणक मिळेना म्हणून पोरांनाच घेतलं. पाच जणांना मैदानात ओळीनं बसवलं. प्रत्येकाच्या हातात एकेक पुठ्ठा. डावीकडून सोळा, आठ, चार, दोन, एक. उभा राहील त्याचा आकडा धरायचा, बसेल त्याचा सोडायचा. मी "पाच" म्हटलं की चारवाली आणि एकवाला उठायचे. "सहा" म्हटलं की एकवाला खाली, दोनवाला वर. "मशीनला एवढंच कळतं," मी सांगायचो, "उभं म्हणजे एक, बसलेलं म्हणजे शून्य."

रस्त्यानं जाणाऱ्यांना मात्र दिसलं ते वेगळंच. नवा मास्तर पोरांना रोज उठाबशा काढायला लावतो, अशी बोंब गावभर झाली. शाळा समितीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन ऑफिसात आले.

"कावून रं मास्तर? काय गुन्हा केलाय लेकरांनी?"

"शिक्षा नाही आबा, गणित आहे. दोनच आकड्यांत सगळी मोजणी होते."

"आमी पोरं दहापर्यंत शिकाया धाडली, अन् तू दोनवर आणली व्हय!" मागचे खो खो हसले. त्यातला एक म्हणाला, "निम्म्या पोरांचे मायबाप दिवाळीला कारखान्यावर जाणार. त्यांना कशाला हे? ऊस काय उठतो अन् बसतो व्हय?"

"त्यांनाच शिकवायचंय," मी म्हणालो.

मुख्याध्यापकांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मला याच शाळेत त्यांनी शिकवलेलं. कॉलेजचा माझा फॉर्म त्यांनीच स्वतःच्या हातानं भरला होता. "शिक्षा केली, चूक झाली, एवढं लिहून दे," ते हळूच म्हणाले. "मिटेल."

"सर, तुमच्यामुळं मी इथं आहे. पण खोटं लिहिणार नाही."

अध्यक्ष उठले. "मग उद्यापासून एकबी पोरगं येणार न्हाई. शिकीव भिंतीला!"

ते गेल्यावर सर एवढंच म्हणाले, "पोरं आली नाहीत तर मला तुला ठेवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी तेच पुठ्ठे घेऊन गेलो. वर्गाचं दार लोटलेलं. एरवी दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. आज पायरीवर ओळीनं पाचच चपला होत्या, त्यातल्या दोन उलट्या. मी बघतच राहिलो. तेवढ्यात मागून सर आले. चप्पल उलटी पडली की भांडण होतं, असं आमच्याकडं घरोघरी मानतात. "आधीच काय कमी भांडणं आहेत," असं पुटपुटत त्यांनी पायानंच दोन्ही सरळ केल्या.

दाराच्या फटीतून बघणाऱ्या पोरांचा आतून एकच हशा उठला. "सर, आता एकतीस झाले!"

दार उघडलं आणि सोळाच्या पुठ्ठ्याची पोरगी बाहेर आली. ती अध्यक्षांची नात. तिनं दुसरी आणि तिसरी चप्पल पुन्हा उलटी केली. "उलटी म्हंजी बसल्याली. सोळा, दोन अन् एक, एकोणीस. समदे आलोत सर." बाकीच्या चपला त्यांनी आत दडवल्या होत्या.

"आबा ओरडले नाहीत?" मी विचारलं.

"लई ओरडले."

सरांनी त्या चपला डावीकडून एकेक करत मोजल्या. मग त्या ओलांडून, एकीलाही धक्का न लावता, ऑफिसकडं गेले.

मी पोरांना बाहेर काढलं आणि पाच जणांना मुद्दाम रस्त्याच्या कडेलाच, कुंपणाला लागून बसवलं. पलीकडं अध्यक्ष उभे होते. मी त्यांच्याकडं बघत मोठ्यानं म्हणालो, "एकतीस!"

पाचही जण एकदम उभे राहिले.