दादाच्या मापाची सायकल

लोहाऱ्यात रसूलचाचांच्या पंक्चरच्या दुकानात माणूस हवा भरायला जातो आणि किस्सा घेऊन येतो. हवा दोन दिवसांत उतरते, किस्सा राहतो. गेल्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ हायब्रीड सायकल निवडायला लागला आणि किस्स्यांचा ढीग झाला! दादाला जाऊन दोन महिने झाले. ढीग आहे तिथंच आहे.

* * *

सुरुवात डॉक्टरांनी केली. "बीपी वाढलाय. रोज सायकल चालवा."

दादा कचेरीत क्लार्क. त्यानं खिशातून पेन काढलं. "कोणती?"

डॉक्टर म्हणाले, "दोन चाकांची!"

* * *

सायकल चालवायची तो रस्ता असा: माकणी गावापर्यंत डांबर, पुढं मुरूम, मग कालव्याचा कच्चा रस्ता. रेसिंगची सायकल मुरमात घसरते, डोंगरातली डांबरावर जड जाते. म्हणून हायब्रीड, असं दादानं चाचांना समजावलं.

"म्हंजी घोडी बी न्हाय, म्हैस बी न्हाय!"

"चाचा, रस्ता बी तसाच हाय की!"

* * *

गिअर एकवीस घ्यावेत की सात, यावर आठवडा गेला. मी म्हणालो, "माझ्या जीपला पाच आहेत, त्यातला एक लागतच नाही!"

दादानं सात ठरवले. स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन, त्यापेक्षा ब्रेक आणि टायर चांगले घ्यावेत, असं वहीत लिहिलं. चाचांनी खाली स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आणि चेनकव्हर लिहायला लावलं. ते सगळं बसवलं असतं, तर ती सायकल ओढायला माझी जीप लागली असती!

* * *

लातूरच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "पायाचं आतून माप घ्या, त्यावर फ्रेम ठरते." दादा चाचांच्या शेजारच्या दत्तूमामा टेलरकडं गेला. मामांनी माप घेतलं, चिठ्ठीवर लिहून दिलं, आपल्या वहीतही उतरवलं.

आठवड्यानं मामांनी हाक मारली. "ने बाबा, तयार हाय."

पँट! दिवाळीपासून पडून असलेल्या दादाच्याच कापडाची!

"मामा, माप सायकलीचं होतं."

"मग सायकलीवर उघडा बसणार हाईस का?"

* * *

मला धीर नव्हता. "दादा, जीप रिकामी आहे, आत्ता जाऊ. दिसेल ती घेऊ!"

"तू बायको बी अशीच करशील," तो म्हणाला. शेवटी वहीत एका सायकलीपुढं त्यानं टिक केली. सोमवारी जायचं ठरलं.

रविवारी सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याच जीपमधून लातूरला नेलं. दवाखान्याच्या अलीकडंच ते दुकान. दादानं मान वळवून बघितलं.

"बंद हाय," तो म्हणाला. "उद्या येऊ."

* * *

तेरावं झाल्यावर मी एकटाच गेलो. दुकानदारानं माप विचारलं. मी दादाची चिठ्ठी पुढं केली.

सायकल चाचांच्या दुकानापुढं उतरवली. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच. चाचांनी सीट पार खाली केली, तरी माझे पाय जमिनीला लागेनात. मी सायकलीसकट चाचांच्या अंगावर!

"येड्या, माप चुकलंय. उद्याच्या उद्या बदलून आण."

"न्हाय चाचा. माप बरोबर हाय. मामांना विचारा."

दत्तूमामा वही घेऊन बाहेर आले. दादाचं नाव काढलं, चिठ्ठी शेजारी धरली, चष्मा वर सारून दोनदा बघितलं.

"व्हय चाचा," मामा म्हणाले, "धाग्याचाबी फरक न्हाय."