ताईंसाठी भूपातली धून

मुलांनो, तुम्ही तिकडे कीबोर्ड घेतलात आणि आजी, तुझी धून पाठव म्हणालात. नुसता कागदाचा फोटो पाठवता आला असता. पण त्यावर एवढी खाडाखोड आहे की मूळ काय आणि नंतरचं काय, ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून लिहिते.

ही धून मी अकोल्याच्या ताईंसाठी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या बहिणीसाठी केली. त्यांच्या लहानपणी घरी पेटी शिकवायला मास्तर येत, ते तुमच्या आजोबांसाठी. ताईंकडे पेटी पुसायचं काम होतं. सत्तरी उलटल्यावर त्यांच्या भजनी मंडळातली पेटीवाली बाई मुलाकडे राहायला गेली. महिन्याभरावर मोझरीला मंडळाचं भजन होतं. बाकीच्या बायका मोबाइलवर सूर लावून गाऊ म्हणत होत्या. ताईंनी सांगितलं, पेटीवर मी बसते. मग मला फोन केला : सगळे बसेस्तोवर वाजवायला एक सोपी धून दे, पुढं भजनात मी सूर धरून घेईन.

मी भूप निवडला, कारण त्यात पाचच सूर. सोळा मात्रांची पहिली ओळ अशी झाली :

ग रे सा रे । ग ऽ प ऽ । ध प ग रे । सा ऽ सा ऽ

वरच्या सा पर्यंत जाणारा अंतरा केला. पट्टीने रेघा आखून एकेका घरात एकेक सूर लिहिला. माझ्या इंग्रजी शाळेत ऑर्गन शिकवणाऱ्या बाई प्रत्येक सुराखाली बोटाचा आकडा घालत. मीही लाल शाईने घातले, सा खाली एक, म्हणजे अंगठा. अमरावतीच्या माझ्या पेटीवर वाजवून पाहिलं आणि कागद पाठवला.

आठवड्याभराने ताईंचा फोन आला.

"काहून वं, हे खाली आकडे कायचे? गानं शिकवून राहिली का पाढे?"

"ताई, ते बोटांचे आहेत. सोपं जावं म्हणून."

"सोपं? माह्या अंगठ्याले काळ्या पट्टीवर चढवून राहिली तू! चार दिस झाले, बोटं एकमेकात अडकून राहिले."

"तुम्ही सा कुठून धरता?"

"कुठून म्हणजे? काळी चार. आमच्या बायायचा आवाज तिथंच बसते. तुहा कुठं हाय?"

"पांढरी एक."

"मंग पांढरी एकमधी तूच गात बैस."

चूक माझी होती. मंडळ कुठल्या पट्टीत गातं हे मी विचारलंच नव्हतं. पांढरी एकमध्ये भूपाचे पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि माझे आकडे तेवढ्यापुरतेच बरोबर होते. काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरला की, सा, रे आणि प काळ्यांवर जातात.

दुसऱ्या दिवशी मी बसने अकोल्याला गेले. तोवर ताईंनी अंगठा बाजूला ठेवून चार बोटांत पहिली ओळ बसवली होती. ती बरी होती. मी लाल आकडे खोडले. अंतऱ्यात मात्र हात वर सरकवताना त्यांचा सूर दर वेळी चुके. तीन दिवस प्रयत्न केला, मग अंतऱ्यावरही रेघ मारली. मला ते आवडलं नाही. ताई म्हणाल्या, "एकच ओळ फिरून फिरून वाजवतो. बसणारे काही मोजत नाहीत."

मोझरीला त्यांनी ती ओळ सात-आठ वेळा वाजवली. एकदा ध ऐवजी शेजारची पट्टी लागली. त्या थांबल्या नाहीत. बायका बसल्या, भजन सुरू झालं, पेटी शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होती.

त्यानंतर मंडळात आणखी दोघी पेटी शिकल्या, त्याच ओळीवरून, ताईंचा हात बघून. कागद मी परत आणला होता, तो त्यांनी कधी मागितला नाही. अंतरा कुणालाच येत नाही, मलाही तो आता वाचूनच वाजवावा लागतो. पहिली ओळ तेवढी अकोल्यात चालू आहे, काळी चारमध्ये, अंगठ्याशिवाय.