बाईला वाचून दाखवलेला देश

परवा निघायचं आहे. बॅग भरून झाली, कुलपाची किल्ली पर्समध्ये गेली, चार पुस्तकं वाचून झाली. तरी प्रवासाची तयारी झाली असं मला म्हणवत नाही. ते का, हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय माझ्याच्यानं विमानात बसवणार नाही.

माझी मुलगी इंडोनेशियात असते. वरोऱ्यात वाढली, कोळशाच्या खाणींच्या गावात शिकली आणि शेवटी बोर्निओ बेटावरच्या कोळशाच्याच खाणीत नोकरीला लागली. इतक्या दूर जाऊन पोरगी परत काळ्या धुळीतच, असं मी म्हणते तेव्हा ती हसते. यंदा तिनं हट्टच धरला की महिनाभर येऊन राहा. वर तंबी दिली, "आई, येण्याआधी चार पुस्तकं वाच. नाहीतर इथं येऊन नुसती माझ्या स्वयंपाकघराची पाहणी करून परत जाशील." मी निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांना पुस्तकं वाचा म्हणून सांगितलं, आता पोरगी मला सांगते. केलेलं असं फिरून येतं.

तिनं बोलावलं होतं दोघींना. मला आणि बाईला.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माझ्याकडे आली, ती कायमचीच. माझी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलातल्या शाळांवर, नवऱ्याची वरोऱ्यात; आता तो नाही, घरात आम्ही दोघीच. मी शनिवारी एसटीनं यायचे आणि सोमवारी पहाटे परत निघायचे. पोरीचं दूध, दुखणं, वेण्या, गृहपाठ, सगळं बाईनं केलं. पोरगी तिला मोठीआई म्हणते. पडली की अजूनही "आई गं" न म्हणता "मोठ्याई" म्हणते. हे मी हसत हसत लोकांना सांगते, पण ते हसू खरं नसतं.

म्हणून मी एक गोष्ट केली. मुलीला एकटीनं फोन लावला आणि म्हटलं, "मोठीआईचे गुडघे नाही चालणार. डॉक्टर नाही म्हणतात. तू तिच्याजवळ विषय काढू नको, तिला वाईट वाटेल. मी हळूहळू सांगते." डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. गुडघे दुखतात हे खरं, पण त्याच गुडघ्यांनी ती रोज बाजार करते. खरं कारण इतकंच होतं की मला एकदा, एक महिना, बाईशिवाय माझ्या पोरीची आई व्हायचं होतं. साठी उलटल्यावर असं वाटावं, याची मला लाज वाटते. वाटलं मात्र खरं.

हळूहळू सांगायचं ते मी सांगितलंच नाही. दोघींनी जायचं, असंच बाई धरून चालली होती. त्याऐवजी पुस्तकं वाचायला घेतली.

बाईची शाळा दुसरीतच सुटली. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षर तिला लागत नाही. पण ऐकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. आमचं माहेर सिंदेवाहीकडचं, धानाचं, म्हणजे भातशेतीचं गाव. तिथं श्रावणात पोथी लागायची. पोथीचे नियम बाईनं तिथून आणलेत आणि ते ती छापील पुस्तकाला, वर्तमानपत्राला, औषधाच्या चिठ्ठीलासुद्धा लावते. पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचे. मध्ये उठायचं नाही. वाक्य संपलं की ऐकणाऱ्यानं "हुं" म्हणायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की समोर माणूस जागं आहे. वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. पोथी अर्धी ठेवायची नाही. आणि संपली की वाचणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा.

वाचनालयातून पहिलं पुस्तक आणलं ते एका साहेबाचं प्रवासवर्णन. त्यात देश कमी आणि साहेबाचं पोट जास्त होतं. दर दोन पानांनी त्यांना अपचन व्हायचं. दुपारी जेवणं झाली की आम्ही सपरीत, म्हणजे समोरच्या पडवीत बसायचो. बाई लाखोळीची डाळ निवडायची, मी वाचायचे. तिनं साहेबालाही नेटानं हुंकार दिला. संपल्यावर म्हणाली, "आपण सोबत ओव्याची फक्की नेऊ. तिथलं नाई पचलं तं."

आपण, असं ती म्हणाली. मी पान दुमडलं आणि चहा ठेवायला आत गेले.

मग मला एक युक्ती सुचली, म्हणजे अवदसाच आठवली. तिनंच जर नको म्हटलं तर? मग मी वाईट ठरणार नाही. म्हणून मी मुद्दाम ज्वालामुखीवरचं पुस्तक आणलं. लाव्हा, राख, गावंच्या गावं गाडली गेलेली. मी शाळेत इतकं रंगवून कधी वाचलं नसेन. डोंगर फुटतो त्या पानावर आवाज चढवला, थांबले, बाईकडे पाहिलं.

"हुं," बाई म्हणाली. "पुढं?"

"भेव नाई लागत तुले?"

"इथी रोज दुपारी खाणीत बार उडवते, कपाटातले गिलास वाजते. मी भेली का कदी?"

तिथल्या घोरपडी माणसापेक्षा लांब असतात, हे मी दोनदा वाचलं. बाई म्हणाली, आपल्या मामाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाघ बसायचा आणि आपण डबा घेऊन जायचो, घोरपडीचं काय घेऊन बसली. समुद्रात बोट बुडाल्याचं वाचलं, तर तिला वैनगंगेच्या पुरात लाकडाच्या डोंग्यातून केलेला प्रवास आठवला आणि तो ऐकण्यातच माझी दुपार गेली. करायला गेले गणपती, झाला मारुती. मी घातलेल्या प्रत्येक भीतीनं ती त्या देशाच्या एकेक पाऊल जवळ गेली.

मधल्या काळात माझा पासपोर्ट पोस्टानं आला. पाकीट बाईनंच घेतलं. देवापुढे ठेवून मग माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "मायावाला कदी येते?"

"येईल," मी म्हटलं. "मागंपुढं होते त्यात."

एवढंच बोलले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाईनं विचारलं, पोटात दुखते का, आणि ओवा आणून दिला. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझी खवखव ओव्यानं जाणारी नव्हती. आणि ती पुन्हा विचारणारही नव्हती, कारण प्रवासाचं आधी फार बोललं की प्रवास मोडतो, अशी तिची समजूत आहे. मुलीच्या रविवारच्या फोनवरही ती याच कारणानं गप्प राहायची. मुलगी गप्प राहायची ती माझ्या सांगण्यावरून. मध्ये मी बसलेली असायचे, फोन धरून.

तिसरं पुस्तक त्या देशातल्या शेती आणि चालीरीतींचं होतं. ते मात्र मी काही मनात न धरता आणलं होतं, आणि बाईला सगळ्यात आवडलं तेच. तिथं मुसलमान माणूस पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्या नाचवत रात्रभर रामायण खेळवतो, हे ऐकून ती म्हणाली, म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकासारखंच, उजाडेपर्यंत. मग धानाचं प्रकरण आलं. जावा बेटावर धानात देवी असते असं मानतात. जुन्या बायका कापणीला मोठा विळा नेत नाहीत. तळहातात मावेल असं लहानसं पातं बोटांच्या आड लपवून एकेक लोंबी कापतात. कारण देवीला पातं दिसलं तर ती भिऊन निघून जाईल.

बाईचा हुंकार आला नाही. मी वर पाहिलं. तिचे हात डाळीच्या सुपात तसेच थांबले होते.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"धानाले भेव नाई लागाव म्हणून इळा लपवते," ती स्वतःशीच म्हणाली. "मले त्या बायांले पाहाचं आहे. दुसरं काई नाई दाखवलं तरी चालन. तेवढं पोरीले सांगजो."

आम्ही दोघींनी लहानपणी धानाची रोपं लावली आहेत, रोवणी केली आहे, कापणी केली आहे. करंगळीवरचा व्रण दोघींना आहे. त्या क्षणी मला खरंच वाटलं, हिला न्यावं. वाटलं, आणि मी पुढचं पान वाचायला लागले.

ते पुस्तक संपल्यावर तिनं रीतीप्रमाणे नारळ दिला, खोबऱ्याच्या वड्या केल्या, शेजारी वाटल्या. आणि दोन दिवसांनी सकाळी कुठेतरी जाऊन आली. नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून. आल्यावर पिशवीतून एक लहान पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत तिचे फोटो होते, पांढऱ्या भिंतीसमोरचे, पासपोर्टला लागतात तसले. फोटोवाल्यानं हसू नका सांगितलं असणार, म्हणून ओठ आवळलेले. तरी डोळे हसत होते.

"हे घे. फारमाले लागन. त्याईच्याकडून उशीर होऊन राह्यला तं आपणच जाऊन देऊ."

माझ्याच्यानं पुढे खोटं बोलवेना. मी सांगितलं. फॉर्म भरलाच नाही, तिकीट एकच आहे, पोरीनं दोघींना बोलावलं होतं, गुडघ्यांचं निमित्त सांगून नाही मीच म्हटलं, डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. का म्हटलं, तेही सांगितलं. मला एकटीला तिची आई व्हायचं होतं, हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर इतकं दरिद्री वाटलं की मी मान खाली घातली.

बाईनं नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "त्या बाया धानासाठी इळा लपवते. तू कोणासाठी लपवला?"

तिनं फोटोंचं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

मी म्हटलं, "बाई, अजून होते. मी तारीख पुढं ढकलते, तुह्यावाला पासपोर्ट काढू, दोघी जाऊ."

"नाई," ती म्हणाली. "आता तू मले नेशील ते लाजेनं नेशील. लाजेनं नेलेल्या माणसाले कोणी जेवाले बी नीट नाई वाढत."

आवाज चढवला नाही, रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं. त्या दिवसापासून घरात भाजी काय करायची, दूधवाला आला का, एवढंच बोलणं राहिलं. दुपारी ती आत स्वयंपाकघरात बसू लागली.

चौथं पुस्तक अर्धं राहिलं होतं. एका खेड्यातल्या कुटुंबाची कादंबरी, मराठीत आलेली. मी ते मनात वाचू शकले असते. पण अर्धी पोथी मनात वाचून संपवायची नाही, हा नियम माझ्याही अंगात बाईनंच मुरवलेला. म्हणून मी सपरीत एकटीच बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. रिकाम्या पडवीत स्वतःचा आवाज ऐकताना मला माझाच राग येत होता. हे नाटक कोणासाठी चाललंय, असं मनात येत होतं. पहिला परिच्छेद संपला. सवयीनं थांबले.

आतून, भांड्यांच्या आवाजातून, "हुं" आलं.

माझी ओळ हरवली. डोळे पुसून पुन्हा शोधली, वाचली, थांबले. पुन्हा "हुं". ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं. वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढीच ती रीत होती, आणि ती बाई माझ्यावरच्या रागासाठी मोडणार नव्हती. हुंकार आला नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग निदान हिशेब फिटल्यासारखा वाटला असता. ती आत आणि मी बाहेर, असं करून आम्ही ते पुस्तक काल संपवलं. शेवटी त्या कुटुंबातली म्हातारी मागे राहते आणि बाकीचे बोटीत बसतात. ते वाचताना मी एकही शब्द गाळला नाही.

संपल्यावर बाई हात पुसत बाहेर आली. नारळ तिनं आधीच सोलून ठेवला होता. तो माझ्या हातात दिला. मी वाकून नमस्कार केला, तिनं पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"हा तू फोडू नोको," ती म्हणाली. "पोरीच्या हातात दे. मोठीआईनं देल्ला म्हन."

"हो."

"काऊन नाई आली म्हणून विचारन ते. गुडघ्याचं सांगू नोको. खरं सांगजो."

नारळ बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला आहे. विमानात चालतो की नाही, ठाऊक नाही. विमानतळावर अडवलं तर काय करायचं, याचा विचार मी सकाळपासून करते आहे, आणि मला माझं चांगलंच कळतं की त्यांनी तो काढून घ्यावा असं मला वाटतं आहे. नारळ पोचला, की पोरगी आधी त्याच्याकडे बघेल, मग माझ्या मागे बघेल, आणि विचारेल.

आत बाई माझ्या प्रवासासाठी दशम्या लाटते आहे. ओव्याची फक्की तिनं कालच बांधून दिली, एकीपुरती.